मामाचा शब्द कितपत चालतो?

प्रश्न : ताई, माझी लेक बारावीला आहे. पदवीसाठी अमेरिकेत अर्ज करायचा म्हणते. माझ्या सख्ख्या भावाने हार्वर्डमधून एमबीए केलंय आणि तो तिकडेच असतो. ‘फॉर्ममध्ये माझं नाव टाका, पुढचं मी बघतो,’ असं तो सांगतो. माजी विद्यार्थ्यांच्या नातेवाइकांना तिथे झुकतं माप मिळतं, हे खरं का? आणि त्याचं शिफारसपत्र जोडावं का?
— एक आई

उत्तर : झुकतं माप मिळतं हे अगदी खरं. फक्त ते भाचीच्या वाट्याला येत नाही.

तिकडच्या बहुतेक नामांकित कॉलेजांना चालणारा ‘कॉमन ॲप’ नावाचा एक सामाईक अर्ज असतो. लेकीला त्यातलं कुटुंबाचं पान उघडायला सांगा. आई कुठल्या कॉलेजात शिकली, कोणती पदवी, कोणत्या वर्षी, मग वडिलांचं तेच, मग भावंडं. संपलं. मामासाठी त्यात रकानाच नाही, त्यामुळे ‘नाव टाका’ म्हणजे कुठे टाका, हे भाऊरायांनाच विचारा. शिवाय हार्वर्ड नात्याचा विचार करतं तो हार्वर्ड कॉलेजमधून, म्हणजे तिथे पदवीचं शिक्षण घेऊन, बाहेर पडलेल्यांच्या मुलांचा. एमबीए बिझनेस स्कूलचं. म्हणजे उद्या त्याच्या स्वतःच्या मुलालाही त्या एमबीएचा उपयोग नाही. (हे त्याला जरा हळुवारपणे सांगा.)

ज्यांना हा लाभ मिळतो त्यांना मात्र घसघशीत मिळतो. प्रवेशप्रक्रियेवरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात २०१८ साली बोस्टनच्या कोर्टात आकडे उघड झाले : माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी साधारण ३४ टक्क्यांना प्रवेश, इतरांपैकी साधारण ६ टक्क्यांना. देणगीदारांच्या मुलांवर वेगळी नजर असते, हेही तिथेच बाहेर आलं. विद्यापीठातल्याच एका डीनची प्रवेशप्रमुखांना लिहिलेली आभाराची ईमेल कोर्टात वाचली गेली. निवड झालेल्यांपैकी एकाच्या घरच्यांनी इमारत बांधून द्यायचं आधीच कबूल केलं होतं, याचा आनंद त्या ईमेलमध्ये होता.

यावर ‘शिकलेल्या घरातली मुलं, हुशारच असणार’ असं उत्तर हमखास येतं. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली हेच तपासलं. हुशारीच कारण असती, तर याच मुलांना त्याच तोलामोलाच्या दुसऱ्या कॉलेजांतही तितक्याच सहज प्रवेश मिळायला हवा होता. तसं होत नाही. आईवडिलांच्या कॉलेजात जो वरचष्मा दिसतो, तो शेजारच्या कॉलेजात गायब होतो. मला या वादात याहून पक्का पुरावा माहीत नाही.

ही प्रथा जुनी आहे, आणि तिचं मूळ काही फार गोड नाही. १९२०च्या दशकात ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली, ती आवरायला ज्या युक्त्या निघाल्या त्यांतलीच ही एक. आता ती ओसरतेय. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने सोडली, ॲमहर्स्ट कॉलेजने २०२१ साली सोडली. कॅलिफोर्नियाने तर २०२४ साली कायदा करून राज्याची मदत घेणाऱ्या खासगी कॉलेजांनाही मनाई केली. त्यावर तिथल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने काय करावं? राज्य सरकारकडून विद्यार्थ्यांसाठी मिळणारी मदत सोडली, प्रथा नाही सोडली! एमआयटी आणि कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या संस्थांमध्ये मात्र आईवडील कुठे शिकले याला काहीच वजन नसतं. लेकीचा ओढा विज्ञानाकडे असेल तर एमआयटी यादीत घालाच. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तिथे निवड करताना घरची ऐपत बघत नाहीत.

आता शिफारसपत्र. नको. पत्र हवं वर्गात तिला शिकवणाऱ्या शिक्षकांचं. आजवर इतके अर्ज डोळ्यांखालून गेलेत, त्यावरून सांगते : ‘मी हिला जन्मापासून ओळखतो’ असं सुरू होणारं पत्र अर्जाला जडच होतं. वाचणाऱ्याला त्यातून मुलीची नाही, मामाची ओळख होते. शिक्षकांना मात्र आधीच गाठा आणि तिने वर्गात कधी कुठला प्रश्न धसाला लावला, याची त्यांना आठवण करून द्या.

भावाचा उपयोग नाही असं मात्र मी म्हणणार नाही. हार्वर्डसारख्या ठिकाणी मुलाखती बऱ्याचदा माजी विद्यार्थीच घेतात. भाचीची मुलाखत त्याला घेता येणार नाही, पण सराव तर घेता येईल. शनिवारी व्हिडिओ कॉलवर तासभर बसवा दोघांना. ‘आवडीचं पुस्तक कोणतं’ यावर ती पाठ केलेलं बोलू लागली की त्याने मध्येच तोडून ‘का?’ विचारायचं. आर्थिक मदतीचे फॉर्म भरतानाही त्याला सोबत घ्या, तिथे भलेभले गोंधळतात. अर्जासोबतच्या तिच्या निबंधाला मात्र हात लावायचा नाही, हे त्याला आजच सांगून ठेवा.