हेलियम एवढा कमी असून विश्वातल्या अतिनील पार्श्वभूमीवर त्याचा एवढा परिणाम कसा?

तुम्ही विचारलंय की दीर्घिकांच्या मधल्या वायूत बारा हायड्रोजनमागे जेमतेम एक हेलियमचा अणू, मग अतिनील पार्श्वभूमीच्या, म्हणजे विश्वभर पसरलेल्या अतिनील प्रकाशाच्या मॉडेलमध्ये त्याला एवढा भाव का. एमएस्सीला मलाही हेच वाटायचं, या प्रकाशाची तीव्रता ऊर्जेनुसार कशी बदलते तो ग्राफ नीट बघितला तेव्हा कळलं.

ग्राफ 54.4 इलेक्ट्रॉन व्होल्टला (हे ऊर्जेचं एकक, पुढचे ऊर्जेचे आकडे यातच) कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो. हेलियमचा पहिला इलेक्ट्रॉन 24.6 मध्ये सुटतो, ते ताऱ्यांच्या प्रकाशालाही जमतं, पण दुसऱ्याला 54.4 लागतात, हायड्रोजनच्या 13.6 च्या चौपट, आणि एवढे जोरदार फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, साधे तारे जवळपास देतच नाहीत, ते येतात क्वेसारमधून, म्हणजे महाकाय कृष्णविवरामुळे झळाळणाऱ्या दीर्घिकांच्या केंद्रांतून. म्हणून हायड्रोजनचं आयनीभवन (इलेक्ट्रॉन सुटणं) आधी उरकलं आणि हेलियमचं रखडलं, पार रेडशिफ्ट 3 च्या आसपासपर्यंत, म्हणजे ज्या काळातला प्रकाश आज चौपट ताणलेला दिसतो तोपर्यंत.

पण खरी गंमत पुढेच आहे, हेलियम नुसता गिळत नाही, मोड करून देतो. समजा 60 चा फोटॉन आला. 54.4 इलेक्ट्रॉन सोडवण्यात गेले, उरलेल्या 5.6 ने वायू तापला. नंतर कधीतरी दुसरा इलेक्ट्रॉन येऊन चिकटतो, पायऱ्या उतरत येतो आणि शेवटच्या पायरीला बहुतेकदा 40.8 चा फोटॉन सोडतो, जो आता हायड्रोजनला फोडायला पुरेसा आहे! म्हणजे मोठी नोट गेली आणि सुट्टे पैसे खालच्या बाजारात आले.

शिवाय 40.8 ते 54.4 या पट्ट्यात हेलियमच्या लायमन रेषा (ठरावीक ऊर्जेचाच प्रकाश शोषणाऱ्या) आहेत, लांबून येणारा प्रकाश ताणला जात जात एकेका रेषेत अडकतो आणि ग्राफला करवतीसारखे दात पडतात. मादाऊ आणि हार्ट या खगोलशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये हे दाखवलं. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनचा तिसरा काढायला 47.9 लागतात, बरोब्बर याच दातांत, त्यामुळे हेलियम चुकला की कार्बनचा हिशोबही चुकला.

हे प्रत्यक्ष दिसणं अवघड, कारण आपल्याच आकाशगंगेतला हायड्रोजन 91.2 नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवतो, आणि हेलियमची रेषा 30.4 ला, म्हणजे ती तिप्पट तरी ताणली गेली पाहिजे. हबल दुर्बिणीने 1994 मध्ये क्यू 0302-003 या क्वेसारच्या प्रकाशात हे शोषण पहिल्यांदा पकडलं.

आणि अभिमानाने सांगतो, यातलं एक महत्त्वाचं मॉडेल आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या कामातून आलंय, खैरे आणि श्रीआनंद यांचं, 2019 चं. त्यातला 54.4 च्या अलीकडचा भाग मोठा करून बघाच.