हृदय आवडतं, पण रक्त पाहिलं की चक्कर येते

प्रश्न : मी शाळेच्या शेवटच्या टप्प्यात आहे. जीवशास्त्रात हृदय आणि रक्तवाहिन्यांचं प्रकरण मला सगळ्यात जास्त आवडतं. हृदयाची आकृती मी पुस्तक न उघडता काढते. डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं, पण प्रयोगशाळेत रक्तगट तपासायला बोटात सुई टोचली आणि मला घेरी आली. आईबाबा म्हणतात, डॉक्टर व्हायचं नसेल तर हा विषय सोड आणि गणित घे. त्यात परीक्षेत ‘फुप्फुसधमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं’ हे विधान मी चूक ठरवलं. मला हा विषय खरंच कळतो का?

उत्तर : आधी घेरीबद्दल बोलू, कारण ती तुझ्या आवडत्या प्रकरणातलीच आहे. रक्त दिसलं की काही जणांच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावतात आणि त्याच वेळी रक्तवाहिन्या सैलावतात. रक्तदाब घसरतो, मेंदूला थोडा वेळ रक्त कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवं झाल्यावर मेंदूकडे रक्त सहज पोचतं, म्हणून माणूस लवकर सावरतो. याचा भित्रेपणाशी संबंध नाही. दंड, मांड्या आणि पोटाचे स्नायू काही सेकंद घट्ट आवळून धरले तर रक्तदाब थोडा चढतो आणि घेरी टळू शकते. अशा लोकांना हे मुद्दाम शिकवलं जातं. सवयीनेही बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो. मात्र धावताना किंवा काहीच कारण नसताना कधी शुद्ध हरपली, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. एवढ्या एका टोचणीवरून तू वैद्यकाचं दार बंद करू नकोस.

आता ते चुकलेलं विधान. हृदयाकडून रक्त बाहेर नेते ती धमनी आणि हृदयाकडे परत आणते ती शिरा. रक्तात ऑक्सिजन किती आहे यावर ते ठरत नाही. म्हणून उजव्या निलयातून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) फुप्फुसांकडे जाणारी वाहिनी धमनीच, जरी तिच्यातल्या रक्तात ऑक्सिजन कमी असला तरी. तू आकृती पाठ केलीस, पण त्या आकृतीतून रक्ताबरोबर फिरली नाहीस, असं मला वाटतं. आता एकच थेंब घे आणि उजव्या अलिंदापासून (वरच्या कप्प्यापासून) निघून पुन्हा तिथेच ये. प्रत्येक वळणावर ‘इथे असंच का?’ हे विचार. डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या सुमारे तिप्पट जाड का? दोन्ही बाजू एका ठोक्याला सारखंच रक्त ढकलतात, विश्रांतीत साधारण 70 मिलिलिटर. पण उजव्या बाजूला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ते पोचवायचं असतं आणि तिथल्या वाहिन्यांचा विरोध कमी असतो. डाव्या बाजूला ते टाळूपासून तळव्यापर्यंत न्यायचं असतं.

मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हृदयाचं स्वतःचं पोषण. इतकं रक्त पोटात घेऊनही हृदयाचा स्नायू त्यातून थेट फारसं काही घेत नाही. महाधमनीच्या अगदी सुरुवातीला फुटणाऱ्या परिहृद् धमन्या त्याला रक्त पुरवतात. डावं निलय आकुंचन पावतं तेव्हा ते स्नायूत शिरलेल्या स्वतःच्याच वाहिन्या दाबतं. त्यामुळे त्याला रक्त मिळतं ते मुख्यतः शिथिल होताना. ठोके फार वाढले की हा शिथिल होण्याचा काळच आखडतो, म्हणजे गरज वाढते नेमकी तेव्हाच पुरवठ्याची वेळ कमी होते. अरुंद झालेल्या धमनीचा त्रास चढ चढताना का जाणवतो, हे यावरून तुझं तुलाच उलगडेल.

असा विचार करताना तू कुठे रेंगाळतेस, त्यावरून तुझं काम ठरावं. हृदयाला ठोका द्यायला लावणाऱ्या विजेच्या संदेशापाशी थांबलीस, म्हणजे अलिंदातून निलयात जाणारा संदेश मधल्या गाठीपाशी सेकंदाचा सुमारे दहावा भाग का अडतो हे तुला छळत असेल, तर ईसीजी, पेसमेकर आणि ठोक्यांच्या लयीच्या तपासण्या हे तुझं क्षेत्र. झडपांची हालचाल पाहावीशी वाटत असेल तर इकोकार्डिओग्राफी शीक. त्यात बरगड्यांच्या मधल्या फटीतून ध्वनिलहरी पाठवून धडधडतं हृदय पडद्यावर पाहता येतं, रक्ताचा थेंबही दिसत नाही. पडद्यावरचे लाल-निळे रंग रक्ताची दिशा सांगतात; नेहमीच्या पद्धतीत प्रोबकडे (छातीवर टेकवलेल्या, ध्वनिलहरी पाठवणाऱ्या उपकरणाकडे) येणारं रक्त लाल आणि दूर जाणारं निळं. परफ्युजनिस्ट हृदयशस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीन, म्हणजे तेवढा वेळ हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र, चालवतो. हे काम फार जबाबदारीचं आहे, पण तिथे नळ्यांतून रक्त सतत समोर असतं, हे ध्यानात ठेव.

आईबाबांनाही हे वाचायला दे. गणित आणि हृदय यांची फारकत करायचं कारण नाही. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वे यांनी 1628 साली रक्ताभिसरण मांडलं तेव्हा त्यांचा मोठा आधार हिशेबाचा होता : हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त ढकलतं तेवढं अन्नातून नव्याने तयार होणं शक्यच नाही, म्हणजे तेच रक्त फिरून येत असलं पाहिजे. 1953 मध्ये हृदयाची पहिली ध्वनिचित्रं घेतली ती एडलर या डॉक्टरांनी आणि हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी मिळून. आणि व्हिव्हियन थॉमस यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती, कॉलेजशिक्षणाचे पैसे मंदीत बुडाले होते. जन्मतः हृदयदोष असलेल्या निळसर बाळांवरच्या शस्त्रक्रियेची पद्धत त्यांनी प्रयोगशाळेत बसवली, आणि 1944 मध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली तेव्हा सर्जनच्या मागे उभे राहून ते सूचना देत होते.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगते. तंत्रज्ञ तपासणी करतो, निदान आणि उपचारांचा निर्णय डॉक्टरांचा असतो. रुग्णाचा निर्णय स्वतः घ्यायचा, ही तुझी खरी ओढ असेल तर इतर कोणत्याही कामात ती भागणार नाही. मग घेरीवर उपाय कर आणि वैद्यकालाच जा. ओढ यंत्रणा समजून घेण्याची असेल तर वरचे मार्ग दुय्यम समजू नकोस.

तूर्त शक्य असेल तर जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित, तिन्ही ठेव. जवळच्या रुग्णालयातल्या इको विभागात परवानगी काढून एक सकाळ बसता येतं का ते विचार. तपासणी करणाऱ्या व्यक्तीचे हात, पडदा आणि रुग्णाशी चाललेलं बोलणं नीट बघ. यातलं काय स्वतः करावंसं वाटलं ते मला लिही, म्हणजे अभ्यासक्रमांचं बोलू.