मॉरिस १०चे नट-बोल्ट : प्लेटिंगला देण्याआधी डबा नीट बघून घ्या

तुमचा प्रश्न असा की आजोबांची १९४७ची मॉरिस १० (सिरीज एम) खोलायला घेतलीय, डबाभर नट-बोल्ट निघालेत, मेकॅनिक म्हणतो इंग्लंडची गाडी म्हणजे सगळं इंची, पण इंजिनात इंची बोल्ट जाता जात नाहीत. आणि कुणीतरी सांगितलंय की सगळं भंगारात टाका, स्टेनलेसचे ॲलन बोल्ट लावा, गाडी चकाचक दिसेल. कृपा करून असलं काही करू नका. त्या डब्यातले निम्मे बोल्ट तरी बाजारात सहज मिळणार नाहीत.

मेकॅनिक बॉडीच्या बाबतीत बरोबर आहे. सस्पेन्शन, बॉडी इकडे बीएसएफ आटे, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड फाइन. पण या गाडीचं इंजिन मेट्रिक आहे! पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने कॉव्हेंट्रीला मशिनगनचा कारखाना काढला होता, तो १९२३ला मॉरिसने विकत घेतला. तिथली मशिनरी मिलिमीटरची, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं मॉरिसच्या इंजिनांना आटे मेट्रिकच पडत राहिले. पण गॅरेजवाल्यांकडे पाने व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, म्हणून बोल्टचं डोकं मात्र व्हिटवर्थ मापाचं ठेवलं. म्हणजे डोकं इंग्लिश, आटे फ्रेंच. एमजी टीसी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं एक्सपीएजी इंजिन तुमच्या इंजिनाचंच पुढचं भावंड, त्यालाही हेच.

आता गंमत बघा. बॉडीतला अडीच सूती (५/१६) बीएसएफ बोल्ट घ्या आणि इंजिनातला ८ मिमीचा घ्या. दोघांनाही १/४ व्हिटवर्थचाच पाना लागतो, जाडीत फरक जेमतेम ०.०६ मिमी, हातात घेऊन कुणालाही कळणार नाही. पण बीएसएफला इंचात २२ आटे आणि इंजिनातल्याचा पिच (एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर) १ मिमी, म्हणजे इंचात साधारण साडेपंचवीस. त्याहून घातक म्हणजे अडीच सूती यूएनएफ (युनिफाइड फाइन, नंतरचे इंची आटे), त्याला इंचात २४ आटे, त्यामुळे तो इंजिनाच्या भोकात दोन-चार फेरे छान हाताने जातो, मग जड होतो, आणि आपल्याकडे जड झालं की पान्याला पाइप लावतात. ब्लॉकमधले आटे तिथेच मेले. बाजारातला साधा एम-८ (८ मिमी मेट्रिक) पण चालणार नाही, त्याचा पिच १.२५.

म्हणून एक पिच गेज (आटे मोजायच्या दातेरी पात्यांचा संच) घ्या, व्हिटवर्थ आणि मेट्रिक दोन्ही पाती असलेला, आणि जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर. गेजचं पातं आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरा, फटीतून प्रकाश दिसला तर ते माप नाही. आधी बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून दातांतली घाण काढा, नाहीतर गेज खोटं बोलतं. डोक्याला १३चा पाना बसतच नाही आणि १४चा घसरतो असं झालं, आणि कडा गोल झालेल्या नसल्या, तर तो बहुतेक जुना व्हिटवर्थ डोक्याचा (०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमी). १३चा घट्ट बसला तर नंतर कुणीतरी बाजारातून आणून लावलेला. आणि प्रत्येक बोल्ट कुठून निघाला ते लिहिलेल्या वेगळ्या पिशवीत ठेवा, एकाच डब्यात टाकले की अर्धी माहिती गेली.

डोक्यावरच्या खुणा वाचा. वरती गोल खळगा असेल तर तो युनिफाइड, यूएनएफ किंवा यूएनसी (त्याचाच जाड आट्यांचा प्रकार), ही खूण ब्रिटिश बोल्टांवर युद्धानंतर युनिफाइड आटे आले तेव्हाची. आपल्याकडे असे बोल्ट या जुन्या गाड्यांत सापडतात ते बहुतेक ॲम्बॅसडरचे, कारण गॅरेजमध्ये पडलेले तेच असायचे. टीव्हीएस (बोल्ट बनवणारी कंपनी) किंवा ८.८ (मेट्रिक बोल्टची ताकदीची ग्रेड) लिहिलं असेल तर तेही नंतरचंच. नायलॉनवाले लॉकनटसुद्धा या गाडीला शोभत नाहीत, तिथे कॅसल नट आणि स्प्लिट पिन, नाहीतर स्प्रिंग वॉशर असायचं. स्क्रू सरळ खाचेचे हवेत. खाचेच्या फुलीमध्ये आणखी चार बारीक रेघा दिसल्या तर ते पोझिड्राइव्ह, म्हणजे साठच्या दशकात किंवा त्यानंतर आलेले, लगेच काढा. होज क्लिप मात्र वर्मवाली चालते, ज्युबिली क्लिप १९२०च्या दशकापासून आहे.

डॅशबोर्ड आणि लुकास कंपनीच्या इलेक्ट्रिक सामानाकडे बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे बारीक स्क्रू असतात. २ बीए म्हणजे ४.७ मिमी, पिच ०.८१. त्यात ५ मिमीचा स्क्रू जोर लावून घालणारे महाभाग भरपूर आहेत, पिच जवळजवळ सारखा म्हणून तो जातो पण, आणि पितळेचे आटे कायमचे गेले.

आता प्लेटिंगबद्दल, म्हणजे बोल्टांवर झिंकसारखा थर चढवण्याबद्दल. चकाकणारं पिवळं झिंक या गाडीवर डोळ्याला खुपतं, ऑइल लावलेला काळा किंवा मंद राखाडी रंग खरा वाटतो. बफिंग अजिबात नको, डोक्यावरच्या खुणा पुसल्या जातात आणि तोच तर तुमचा पुरावा आहे. हाय टेन्साइल (जास्त ताकदीच्या पोलादाचे) बोल्ट ॲसिडमध्ये बुडवून प्लेटिंग केलं तर पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात, लगेच २०० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवावे लागतात. प्लेटिंगवाल्याला हे आधी विचारा, त्याला माहीत नसेल तर दुसरा शोधा. स्टेनलेसचा साधा बोल्ट हाय टेन्साइलइतका ताकदीचा नसतो आणि आट्यांत जाम पण होतो, त्यामुळे तो मला इंजिनवरही नको आणि स्टिअरिंगवर तर नाहीच.

जुनं ते जपायचं हे ठीक, पण कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, स्टिअरिंग आणि ब्रेकचे बोल्ट यात हट्ट करू नका. तिथे नवीनच घ्या, फक्त आटे आणि ग्रेड बरोबर असलेले. मूळ बोल्ट पिशवीत लेबल लावून ठेवून द्या.

८ बाय १ चे (८ मिमी जाड, १ मिमी पिच) व्हिटवर्थ डोक्याचे बोल्ट एमजी टी-सिरीजचे पार्ट विकणारे इंग्लंडमधले लोक अजून देतात, कुणी नातेवाईक येत असेल तर थोडेसे मागवा, वजन जास्त होत नाही. साध्या जागेचे, जसं टॅपेट कव्हर, साइड प्लेट, ते चांगला टर्नर हेक्स बारमधून काढून देईल, नमुना म्हणून एक चांगला जुना बोल्ट त्याच्याकडे ठेवा. बीएसएफचे टॅप-डाय मुंबईत नागदेवी स्ट्रीटला विचारा. आणि ब्लॉकमधल्या एखाद्या भोकाचे आटे आधीच गेले असतील तर त्यावर मोठा टॅप मारायच्या आधी त्या भोकाचा आणि त्यातून निघालेल्या बोल्टचा फोटो इथे टाका, शेजारी पट्टी ठेवून. बघून सांगतो.