रेडिओ स्कॅनरचं (रेडिओ चॅनेल एकामागून एक तपासून ऐकवणाऱ्या यंत्राचं) वाय-फाय जोडलं जात नाही? आधी हे बघा

लगेच फॅक्टरी रिसेट मारू नका. निम्म्या वेळा दोष स्कॅनरचा नसतोच, राउटरचा असतो. बऱ्याच स्कॅनरचं वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. युनिडेन कंपनीच्या बीसीडी५३६एचपी या मॉडेलचा डोंगलही (स्कॅनरला लावायचा छोटा वाय-फाय जोड) त्यातलाच. राउटर २.४ आणि ५ ला एकच नाव देत असेल, तर २.४ ला वेगळं नाव द्या. राउटरच्या वाय-फाय सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ करून बघा. पासवर्ड नॉबने एकेक अक्षर फिरवून टाकताना कॅपिटल-स्मॉलची गफलत हमखास होते, तेव्हा तो परत एकदा डोळ्यांखालून घाला.

एवढं करूनही जमलं नाही, तर फर्मवेअर, म्हणजे स्कॅनरच्या आतलं सॉफ्टवेअर, बघा. मेनूत आवृत्ती बघताना दोन आकडे दिसतील, मुख्य स्कॅनरचा वेगळा आणि वाय-फायचा वेगळा. लोक पहिला अद्ययावत करतात आणि दुसरा विसरतात!

अपडेट सुरू करण्याआधी स्कॅनरच्या मेमरी कार्डावरचं सगळं संगणकावर कॉपी करून ठेवा. तुमच्या फेव्हरिट याद्या, म्हणजे तुम्ही साठवलेले चॅनेल, तिथेच असतात. केबल डेटावाली हवी. मोबाइलसोबत येणाऱ्या काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांनी संगणकाला स्कॅनर दिसतच नाही. फाइल कंपनीच्या सॉफ्टवेअरमधूनच घ्या. अपडेट चालू असताना स्क्रीन काळी पडली तरी पॉवर काढू नका, तो आपोआप रीस्टार्ट होऊ द्या.

जोडणी झाली की राउटरमध्ये स्कॅनरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) राखीव करून टाका, म्हणजे मोबाइलवरच्या स्कॅनरच्या अ‍ॅपला तो दर वेळी नव्याने शोधावा लागणार नाही.