गोळ्या मोजणारे काका

"मॅडम, हिला सवय लागलीय. मी वेळेत ओळखलंय, आता पुढे काय करायचं ते सांगा."

काका उभ्या उभ्याच बोलले. हातात दवाखान्याची फाईल नव्हती, शंभर पानी वही होती. मी पुण्यात एका वेदनाशमन विभागात आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून बसते. 'व्यसन लागेल का हो?' हा प्रश्न तिथे दर आठवड्याला येतो. कधी गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या ट्रॅमाडॉलबद्दल, कधी कॅन्सरमधल्या मॉर्फिनबद्दल. दोन्ही जोरदार दुखण्यावरची औषधं. पण पुराव्याची वही घेऊन कुणी आलं नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत.)

काकूंना स्तनाचा कॅन्सर होता आणि तो खुब्याच्या हाडात उतरला होता. डॉक्टरांनी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी लिहून दिली होती. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दोन एकदम, म्हणजे मध्यरात्री उठावं लागू नये. दिवसाच्या सहा गोळ्या. वहीत मात्र असं होतं: '६.१० दिली. ९.३० मागितली, दिली नाही. ९.५० परत मागितली. १०.४० रडली. ११.१५ दिली.' दिवसाची बेरीज कुठे तीन, कुठे चार. अक्षर मोत्यासारखं. पन्नासेक नोंदींनंतर 'मागितली' या शब्दाखाली लाल रेघ सुरू झाली होती.

इथे मी चूक केली. वर्षानुवर्षं घोटून पाठ झालेलं वाक्य मी बोलून गेले, "काका, कॅन्सरच्या दुखण्यासाठी दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागत नाही."

त्यांनी वही मिटली. "गर्द कशापासून करतात, मॅडम?"

मॉर्फिनपासून. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, आणि त्यातलं हेरॉइन शरीरात गेल्यावर त्याचं पुन्हा मॉर्फिनच होतं. काका वाचून आले होते. ते वाचायचं कारणही होतं, ते मग तुकड्यातुकड्यांत बाहेर आलं. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या पेठांमध्ये गर्द शिरला, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ त्यात सापडला. आधी घरातलं तांब्याचं घंगाळ मोडीत गेलं, मग आईच्या पाटल्या, शेवटी देवापुढची समई. १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र पुण्यात सुरू झालं, तोवर भावाचं फार पुढे गेलं होतं. तो राहिला नाही. त्या घरात पुन्हा त्याच कुळातली गोळी आली होती. तीही साध्या मेडिकलमध्ये न मिळणारी, मान्यताप्राप्त केंद्रातून सह्या करून आणावी लागणारी. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन रुग्णांसाठी ही वाट थोडी सोपी झाली, पण काकांच्या लेखी जी वस्तू एवढ्या पहाऱ्यात ठेवावी लागते ती विषच.

माझं वाक्य पूर्ण खरंही नव्हतं. धोका शून्य नसतो. ज्याला आधी दारूचं किंवा दुसऱ्या कशाचं व्यसन होतं, ज्याच्या रक्ताच्या नात्यात ते आहे, ज्याचं मन आजारी आहे, त्याच्या बाबतीत जास्त डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं, आणि हे डॉक्टरांना पहिल्या दिवशीच सांगायचं असतं. भाऊ काकांचा होता, काकूंचा नव्हे. तरी भीतीला वंशावळ कळत नाही.

मी पुन्हा सुरुवात केली. "भाऊ गर्द ओढल्यावर काय करायचा?"

"करणार काय? कोपऱ्यात पडून असायचा. जेवण नाही, बोलणं नाही."

"आणि काकू? गोळी दिल्यावर तासाभराने?"

बराच वेळ ते पंख्याकडे बघत राहिले. "परवा उठून मेथी निवडली तिने. अख्खी जुडी. सुनेला म्हणाली, देठं जास्त ठेवतेस."

हे वहीत नव्हतं. मी पानं उलटून पाहिली, गोळीनंतरची एकही नोंद नव्हती.

मग आम्ही घड्याळाचं गणित मांडलं. या साध्या गोळीचा असर अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि साधारण चार तास टिकतो. पुढची गोळी वेळेवर आली तर दुखणं डोकं वर काढत नाही. काका मात्र दुखणं पुरतं उसळेपर्यंत थांबायचे. मग एक गोळी त्याला पुरायची नाही, आणि काकूंचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. 'सारखी मागते' ही लाल रेघ निम्म्या डोसची होती. घड्याळाप्रमाणे मिळत असतं तर मागायची वेळच आली नसती. डोसाचा निर्णय माझा नव्हे, म्हणून त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांसमोर बसवलं. ठरलेल्या वेळी सहाच्या सहा गोळ्या, आणि मध्येच कळ आली तर द्यायची जादा गोळी किती, केव्हा, हे डॉक्टरांनी त्याच वहीत लिहून दिलं. वहीला नवे रकाने आखले: दुखणं शून्य ते दहा, पोट साफ झालं का, झोप, आणि 'काय केलं'.

निघता निघता मी सहज विचारलं, "रात्री झोपतात ना?"

"हो, माझी अर्धी गोळी देतो ना. अल्प्राझोलामची."

मी पेन खाली ठेवलं. व्यसनाच्या भीतीने जो माणूस औषध निम्म्यावर आणतो, तोच झोपेची गोळी प्रेमाने सोबत देतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता हा प्रश्न न विचारता कुणाला सोडत नाही. मॉर्फिन श्वास मंद करतं, झोपेच्या गोळ्याही करतात, दारूही करते. एकत्र आली की माणूस झोपेतून न उठण्याचा धोका असतो. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही यातच मोजायचं. काकांना मी श्वास मोजायला शिकवलं. हलवून, हाक मारून जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेला असेल, घोरणं विचित्र घुरघुरीचं झालं असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर पुढची गोळी द्यायची नाही आणि १०८ला फोन करायचा. सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

आणखीही निघालं. सोबत दिलेलं पोट साफ होण्याचं औषध 'उगाच किती गोळ्या' म्हणून बंद होतं आणि चार दिवस पोट साफ नव्हतं. मळमळ आणि गुंगी बहुतेकांची आठवड्याभरात ओसरते, बद्धकोष्ठता मात्र गोळी चालू आहे तोवर राहते, म्हणून ते औषध पहिल्या दिवसापासून हवं. इसबगोल यावर पुरत नाही. पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाला तो उलट घट्ट बसतो. गोळ्यांचा डबा साखरेच्या डब्याशेजारी होता आणि घरात चार वर्षांचा नातू. तो डबा त्याच संध्याकाळी गोदरेजच्या कपाटात गेला आणि किल्ली काकांच्या जानव्याला.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी बारा तास पुरणारी गोळी सुरू केली. काकांचा फोन आला, "ही मोठी आहे, खलबत्त्यात कुटून मधातून देऊ का?" फोन केला हे बरं केलं. तिच्यात बारा तासांचं औषध असतं, कुटली की ते एकदम अंगात उतरतं. ती अख्खीच गिळायची. गिळता येत नसेल तर डॉक्टर दुसरा प्रकार देतात.

'काय केलं' हा रकाना भरू लागला. 'गॅलरीत बसली.' 'फोनवर बहिणीशी भांडली.' हे दुसरं वाचून मी हसले, तर काका गंभीरपणे म्हणाले, "अर्धा तास भांडली. आधी एवढा दम नव्हता."

मधल्या काळात खुब्याला रेडिएशन दिलं गेलं आणि तीनेक आठवड्यांत दुखणं खूप उतरलं. मॉर्फिन सुरू झालं म्हणजे शेवट आला असं समजणाऱ्यांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही, पण दुखण्याचं कारण हटलं की हे औषध कमीही होतं. काकांना इतका आनंद झाला की एका रविवारी त्यांनी गोळी परस्पर बंद केली. सोमवारी फोन. आवाज कापत होता. "मी म्हणत होतो ना! कालपासून जांभया, नाक गळतंय, जुलाब, अंगावर काटा. भावाचं असंच व्हायचं. लागलं व्यसन."

शरीर सरावलं होतं, एवढंच. काही आठवडे रोज मॉर्फिन घेणाऱ्या कुणाचंही ते सरावतं आणि एकदम तोडलं की असंच वागतं. व्यसनात मनाची ओढ असते, नुकसान दिसत असूनही सुटत नाही अशी. मी विचारलं, "काकू गोळी मागतायत?"

"नाही. म्हणते, खिमट दे आणि मला झोपू दे."

डॉक्टरांनी आदल्या डोसवर परत नेऊन काही आठवड्यांत पायरी पायरीने कमी केलं. काकूंनी एकदाही जास्तीची मागितली नाही. वहीत ते काकांनीच लिहिलं आहे, लाल पेनाने.

खरं सांगायचं तर मला काकूंपेक्षा त्या लोकांची काळजी जास्त वाटते, जे वर्षापूर्वीच्या चिठ्ठीवर कंबरेसाठी ट्रॅमाडॉल आणत राहतात. २०१८पासून तेही अमली पदार्थ कायद्याखाली आहे, तरी घरोघरी ते 'दुखण्याची साधी गोळी' म्हणून ओळखलं जातं, आणि शेजारणीला उसनंही दिलं जातं. मनाच्या आजाराची काही औषधं चालू असताना ते घेतलं तर फिटही येऊ शकते. त्यांच्याकडे वही नसते. स्वतःला किंवा घरातल्या कुणाला गोळी सोडवत नाही असं वाटलं तर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो.

काका शेवटचे आले ते उरलेल्या अकरा गोळ्या परत करायला. घरात ठेवायच्या नाहीत हे मी सांगायच्या आतच त्यांनी ठरवलं होतं. सिस्टरांनी मोजून घेतल्या, काकांनी पुन्हा मोजल्या, सही केली. मग शर्टाचं वरचं बटण काढून जानव्याची गाठ सोडायला लागले. किल्ली काही निघेना.

"राहू दे," काकू व्हीलचेअरवरून म्हणाल्या. "घरी कात्रीने काढू. मेथी आणायचीय जाताना."