डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या भूमिका-खेळात माझं पात्र, म्हणजे रोग (rogue, चपळ चोर), दोन्ही हातांत रेपियर (लांब, पातळ तलवार) घेऊन लढतो. डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो चालणार नाही. खरंय का? आणि दुसऱ्या वाराचं डॅमेज कसं धरायचं?

डीएमचं बरोबर आहे. तुमची गल्लत 'फिनेस' आणि 'लाइट' या शस्त्रांच्या दोन गुणांत झालीय. फिनेस म्हणजे ताकदीऐवजी डेक्स्टेरिटी (चपळाई) वापरता येते. दुसऱ्या हातासाठी शस्त्र लाइट लागतं, आणि रेपियर लाइट नाही. दोन शॉर्टसोर्ड (आखूड तलवारी) घ्या.

२०१४ च्या नियमपुस्तकानुसार तुमच्या पाळीला अटॅक अ‍ॅक्शन (पाळीची मुख्य कृती) घेऊन एका लाइट शस्त्राने वार केलात, की बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली एकच जादा छोटी कृती) खर्चून दुसऱ्या हाताने एक वार मिळतो. नेम धरताना काहीच कापलं जात नाही. डॅमेजमध्ये मात्र फक्त फासा, मॉडिफायर (गुणामुळे मिळणारी भर, १६ ला +३) नाही (तो उणे असला तर मात्र मोजायचा!). पहिल्या लेव्हलला डेक्स्टेरिटी १६ धरा: पहिला वार डी६ (सहा बाजूंचा फासा) अधिक ३, दुसरा नुसता डी६. दोन्ही लागले तर सरासरी ६.५ + ३.५ = १०. ताकद १६ असलेल्याच्या ग्रेटसोर्डचा (दोन हातांनी धरायची मोठी तलवार) एकच वार, २डी६ (असे दोन फासे) अधिक ३, तोही सरासरी १० च. म्हणजे दोन शस्त्रं घेतली म्हणून मार दुप्पट होत नाही.

रोगचा फायदा वेगळा आहे. स्नीक अटॅक (रोगचं जादा डॅमेज) एका पाळीत एकदाच लागतो, पण तो लावायला दोन संधी मिळतात. समोरच्याचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १४ आणि तुमचा नेमाचा बोनस +५ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर ९ किंवा वर पडायला हवं, म्हणजे ६० टक्के. दोनपैकी एक तरी लागण्याची शक्यता ८४ टक्के.

खरी किंमत बोनस अ‍ॅक्शनची. दुसऱ्या लेव्हलला कनिंग अ‍ॅक्शन आली की निसटायला, लपायलाही तीच लागते. म्हणून आधी एकच वार करा. लागला तर डिसएंगेज (निसटण्याची कृती) घेऊन मागे सरका, हुकला तरच दुसरा हात चालवा. दोन्ही वार एकदम जाहीर करून टाकणं ही नेहमीची चूक.

ऑपॉर्च्युनिटी अटॅकला (शत्रू तुमच्या टप्प्यातून दूर जाताना मिळणारा वार) दुसरा हात मिळत नाही. एका पाळीत एकच शस्त्र फुकटात उपसता येतं, तेव्हा दार उघडण्याआधीच एक हातात असू द्या.

रेपियरच हवे असतील तर २०१४ चं ड्युअल वील्डर फीट (पात्राला मिळणारं खास कौशल्य) घ्या, वर एसीही १ ने वाढतो. २०२४ च्या पुस्तकाने खेळत असाल तर फीट घेऊनही दोन रेपियर जमत नाहीत, कारण पहिला वार लाइट शस्त्राचाच लागतो. पण तिथे रेपियर हवाय कशाला? वेपन मास्टरीसाठी (ठरावीक शस्त्रांची खास करामत वापरण्याची मुभा) शॉर्टसोर्ड आणि सिमिटर (वाकडी तलवार) निवडा. सिमिटरच्या 'निक'मुळे जादा वार अटॅक अ‍ॅक्शनमध्येच बसतो, बोनस अ‍ॅक्शन मोकळी राहते. शॉर्टसोर्डने आधी मारा: तो लागला तर 'वेक्स'मुळे त्याच शत्रूवरच्या पुढच्या वाराला अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा).