वही दप्तरातून बाहेर काढा

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, घरी आम्ही त्याला दादू म्हणतो. त्याला ऑटिझम आहे. 'आई', 'पाणी' आणि 'चल' एवढंच बोलतो. सहा वर्षांपासून इथल्या विशेष शाळेत जातो. या जूनमध्ये तो माध्यमिक विभागात गेला आणि सगळंच बदललं. आधी अक्षरं, अंक, बेरजा चालायच्या. आता कपड्यांच्या घड्या, कागदी पिशव्या, काट्यावर डाळ-तांदूळ मोजणं, आठवड्यातून एकदा एसटीने बाजार. शाळेने अभ्यास सोडूनच दिला असं आम्हाला वाटतं. त्यात गेले काही महिने तो संध्याकाळी स्वतःचं मनगट चावतो, ताट भिरकावतो. का करतो, काही कळत नाही. शाळेच्या डायरीत मात्र रोज शेरा असतो, 'आज शांत होता.' ह्यांना वाटतं, तिथे त्याला दटावून गप्प बसवतात आणि तो राग आमच्यावर निघतो. शाळेने चित्रांची वही आणि टॅब दिलाय, पण ते दप्तरातच असतं. घरी लागत नाही, मला त्याच्या डोळ्यांवरून सगळं कळतं. शिवाय धाकटीने वही काढली की हा तिच्या हातातून ओढून घेतो, भांडणं होतात. सासूबाई म्हणतात, चित्रांची सवय लागली तर बोलायचा राहील. पुण्यातली एक निवासी शाळा पाहून आलोय. शाळा बदलू का?
एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : तुम्ही लिहिता, 'मला त्याच्या डोळ्यांवरून सगळं कळतं.' त्याच्याच थोडं वर लिहिता, 'का करतो, काही कळत नाही.' ही दोन्ही वाक्यं एकाच पत्रात आहेत आणि तुम्हाला त्यात काही खटकलेलं नाही. मला खटकलं, म्हणून शाळेचं नंतर बघू, आधी त्या वहीचं बोलते.

तुमच्या मुलाकडे तीन शब्द आहेत. शाळेत असताना त्याच्याकडे बरेच जास्त असतात, कारण तिथे वही टेबलावर असते. भूक लागली, शौचाला जायचंय, हे काम संपलं, मला ते नको, सर कुठे गेले, हे सगळं तो बोट ठेवून किंवा कार्ड काढून सांगू शकतो. मग शाळा सुटते, वही दप्तरात जाते, दप्तर खुंटीला लागतं. तिथून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याच्याकडे तीन शब्द. आणि मनगट चावणं कधी होतं? संध्याकाळी. ताई, हे तुमच्याच पत्रात आहे, मी बाहेरून काही आणलेलं नाही.

तुम्हाला त्याचं पुष्कळ कळतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्याने फ्रिजकडे पाहिलं की तुम्ही ताक काढत असणार, पायात पाय अडकवले की बाथरूमचा दिवा लावत असणार. पण नजरेवरून ओळखता येतं ते रोजचं. आज एसटीत कोणी अंगावर ओरडलं, दाढ ठणकतेय, कुकरच्या शिट्टीने कान फाटतोय, बाबा रोज सातला येतात ते आज का आले नाहीत, हे कुठल्या डोळ्यात दिसणार? जे तुम्हाला ओळखता आलं नाही, ते मनगटापर्यंत पोचतं. आणि जे ओळखता येतं ते त्याने मागायच्या आत हातात येतं, म्हणजे घरात मागायचा प्रसंगच त्याच्यावर येत नाही. १५ वर्षांच्या मुलाला आपलं म्हणणं मांडायची एकही संधी न देणारं प्रेम कमी केलेलंच बरं. कडक लिहितेय, पण मला हे गोड करून सांगायचं नाही.

धाकटीच्या हातातून तो वही ओढतो, हे तुम्ही भांडण म्हणून लिहिलंय. मी ते वाचून खुर्चीत सरळ बसले. टॅब, खाऊ, रिमोट नव्हे, वही! दप्तरातून बाहेर आलेली दिसताच तो धावतो. ती त्याची आहे आणि ती त्याला हवी आहे, हे एका न बोलणाऱ्या मुलाने याहून स्पष्ट कसं सांगायचं? आणि त्यावर उपाय काय झाला, तर वही पुन्हा आत गेली.

तेव्हा आज संध्याकाळी वही बाहेर काढा आणि पुन्हा घरात असताना दप्तरात ठेवू नका. एवढंच करायचंय, पण नीट करायचंय. दोरी लावून ती त्याचा हात पोचेल अशा ठिकाणी अडकवा, स्वयंपाकघराच्या दाराशी चालेल. तो हॉलमध्ये गेला तर वहीही हॉलमध्ये. अंगणात गेला तर अंगणात. ती कोणी शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाही, 'आधी जेव, मग देते' असंही म्हणायचं नाही.

पहिले काही आठवडे त्याच्याकडून काहीच मागू नका. तुम्हीच वापरा. 'भाकरी' म्हणताना भाकरीच्या चित्रावर बोट ठेवा, 'बाबा येतायत' म्हणताना बाबांच्या फोटोवर, 'आई दमली' म्हणताना दमलेल्या चेहऱ्यावर. मूल बोलायला शिकतं ते वर्ष-वर्ष आजूबाजूचं बोलणं ऐकून. तुमच्या दादूने या चित्रांची भाषा घरात एकदाही कोणाला बोलताना पाहिलेली नाही, मग ती घरातही चालते हे त्याला कळणार कसं? 'हे काय आहे, दाखव बघू' अशी परीक्षा घ्यायची नाही. त्याचा हात धरून चित्रावर टेकवायचा नाही. धाकटीला बरोबर घ्या, ती हे तुमच्यापेक्षा लवकर शिकेल. तिने त्याची वही घ्यायची नाही, स्वतःची करायची. चार कार्डं लॅमिनेट करून वेलक्रो लावायला तिलाही मजा येईल. तुमच्या फोनवर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत अ‍ॅप घ्या. ते मराठीतही चालतं आणि 'आवडतं', 'नको', 'आणखी' यांसारखी बटणं चित्रांच्या बाजूलाच असतात. टॅब चार्ज नाही, वही सापडत नाही, अशा वेळी निदान फोन असेल.

मग वहीची पानं उघडून बघा. मला जवळजवळ खात्री आहे की त्यात पोळी, बिस्कीट, पाणी, झोका अशी मागायची चित्रं भरपूर असतील. 'नको' आहे का? 'थांबवा' आहे? 'दुखतंय' आणि कुठे दुखतंय ते दाखवायला शरीराचं चित्र? 'आवाज बंद करा', 'मला एकटं बसू द्या'? नसेल तर आधी ती लावा, आणि 'नको' सगळ्यात वर, सहज हाताला लागेल असं. त्याने दोडक्याच्या भाजीवर 'नको' दाखवलं की भाजी ताटातून उचला. लगेच, न समजावता. सासूबाईंना आवडणार नाही. पण 'नको' म्हटल्यावर भाजी खरंच जाते हे त्याला पटलं, तर ताट भिरकावायची गरज उरत नाही. गोळ्या किंवा इंजेक्शन टाळता येत नाही तिथे तसं सांगा: 'नको म्हणतोयस, कळलं, पण हे घ्यावं लागेल.' त्याचं म्हणणं ऐकू आलं, एवढं तरी त्याला कळू द्या.

तोवर एक काम थांबवू नका. चावणं अलीकडे सुरू झालंय, तेव्हा या आठवड्यात दात, कान आणि पोट दाखवून घ्या. दुखणं सांगता न येणारी कितीतरी मुलं स्वतःला मारून, चावून ते सांगत असतात. वयात येताना ऑटिझम असलेल्या काही मुलांना पहिल्यांदा फिट्स येऊ लागतात, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि हेही खरं की दिवसभर गोंगाटात स्वतःला सावरून धरलेलं मूल घरी आल्यावर सुटतं. त्याला आल्या आल्या अर्धा तास अंधाऱ्या खोलीत पडू द्या. टीव्हीवरच्या मालिका थोड्या उशिरा लागल्या तरी चालतील.

आता सासूबाईंची भीती. ती एकट्या त्यांची नाही, शिकलेल्या आईबापांनाही असते. १९८५ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ऑटिझम असलेल्या मुलांसाठी चित्रांची कार्डं देऊन-घेऊन बोलण्याची पद्धत बसवली, तेव्हापासून हा प्रश्न विचारला जातोय. मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी २००६ साली अशा साधनांवरचे अभ्यास तपासले. भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांच्या नोंदींमध्ये साधन दिल्यामुळे बोलणं कमी झालेला एकही नव्हता. बहुतेकांचं बोलणं थोडंफार वाढलंच. दादू उद्या बोलू लागेल असं आश्वासन मी देणार नाही. वहीमुळे त्याचं बोलणं थांबणार नाही, हे मात्र सासूबाईंना ठामपणे सांगा.

शाळेबद्दल तुम्ही विचारलंत, तर बदलू नका. डाळ मोजणं, एसटीने जाणं, सुटे पैसे परत घेणं हा या वयातला अभ्यासच आहे, आणि अंक त्यातच आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याप्रमाणे दादूचं मोफत शिक्षण १८ व्या वर्षापर्यंत आहे. त्यातली तीन वर्षं तुमच्या हातात उरलीत. ती नवं गाव, नवं वसतिगृह, नवी माणसं यांची ओळख करून घेण्यात घालवायची का? आणि तेही तीन शब्दांवर? निवासी शाळेत त्याचे डोळे ओळखणारं कोणीच नसेल. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमात, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या रोजच्या संवादासाठी पर्यायी साधनांच्या वापराला प्रोत्साहन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. सरकारवर जे बंधन आहे ते घरात पाळलं जात नसेल, तर काय म्हणायचं?

शाळेवरही माझा एक राग आहे, तो तुमच्या यजमानांपेक्षा वेगळा. 'आज शांत होता' हा शेरा मला मुळीच आवडला नाही. दटावतात असा निष्कर्ष त्यावरून निघत नाही, पण शांत बसणं हे शिक्षण नव्हे. आज तो काय म्हणाला, कोणाला म्हणाला, कशाला नकार दिला, हे मला त्या जागी वाचायचंय. ही वही घरी कशी वापरायची हे तुम्हाला बसवून कोणी दाखवलं नसेल, तर ती शाळेची चूक आहे आणि ती त्यांनीच दुरुस्त करायची.

म्हणून उद्याच्या डायरीत सरांना लिहा, की या शनिवारी तुम्ही दोघं येताय. वही तुमच्याबरोबर असेल, त्यांनी अर्धा तास द्यावा आणि घरातल्या शब्दांसाठी तिला दोन पानं जोडून द्यावीत. त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, ज्याला शाळेत आयईपी म्हणतात, 'घरी वही वापरणे' हे उद्दिष्ट त्याच दिवशी लिहून घ्या. यजमानांना बरोबर न्या. कुठल्या पानावर काय आहे, हे त्यांनाही पाठ हवं.